परतीच्या सतराशे उड्या

ड्रायव्हरने छत्तीस वर्षं मालट्रक चालवला, आणि त्या छत्तीस वर्षांत रस्त्याच्या कडेला बंद पडलेली एकही गाडी त्याने नुसती बघून मागे टाकली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. कुणाचा पट्टा तुटलाय, कुणाचं डिझेल संपलंय, कुणाचं चाक चिखलात रुतलंय, हा आपला ट्रक बाजूला घेऊन, बाह्या सरसावून खाली उतरणारच. "उद्या माझी गाडी बंद पडली तर?" असं म्हणायचा. त्यावर बायको म्हणायची, "तुमची बंद पडली तेव्हा कोण थांबलं, ते सांगा एकदा." मग तो विषय बदलायचा. अशा माणसाला गुणी म्हणायचं की गाढव, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याला एकच मुलगा. लहानपणी इतका गुटगुटीत की घरादाराने त्याचं नाव ढब्बू पाडलं. नऊ वर्षांचा असताना तो जिन्यात सारखा पडायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, याचे स्नायू झिजत जाणार, आधी पायांचे, मग हातांचे, शेवटी छातीचे. औषध नाही. बाराव्या वर्षी चाकांची खुर्ची आली. चोविसाव्या वर्षी ढब्बूचं वजन अडतीस किलो होतं, पण नाव ढब्बूच राहिलं. तो स्वतःच म्हणायचा, "नाव बदलू नका, अंगावर तेवढंच उरलंय."

ही सगळी वर्षं ड्रायव्हर रस्त्यावर. महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. पोराचं सगळं करणं-सवरणं आईने केलं. मग ड्रायव्हरचे डोळे अधू झाले, लायसन पुढे मिळेना, आणि तो कायमचा घरी आला. बायको पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत मशीनवर पडदे शिवायची. सकाळी नऊला गेली की संध्याकाळी सहाला परत. म्हणजे दिवसभर घरात दोघंच, खुर्चीत बसलेला पोरगा आणि काय बोलावं ते न सुचणारा बाप.

आणि पोरगा काय करायचा? दिवसभर गेम खेळायचा. अंतराळातला. काळा पडदा, त्यावर पांढरे ठिपके, आणि अधूनमधून एक घुर्रर्र आवाज. ड्रायव्हरच्या डोक्यात तिडीक जायची. अरे, खिडकीबाहेर बघ, पुस्तक वाच, चार माणसांशी बोल! एकदा तो बायकोला म्हणाला, "पोरगं वाया गेलं बघ." बायकोने हातातली कात्री टेबलावर आपटली. "वाया जायला आधी वाटेला लागावं लागतं. त्याला कुठली वाट होती हो?" तेव्हापासून तो त्या गेमबद्दल अवाक्षर बोलला नाही.

एका सकाळी ढब्बूच्या मांडीवरून कंट्रोलर खाली पडला. ड्रायव्हरने उचलून दिला. पुन्हा पडला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा पडल्यावर ढब्बू म्हणाला, "राहू द्या बाबा. बोटं संपली."

हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की ड्रायव्हरला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो कंट्रोलर हातात धरून तसाच उभा राहिला.

"बाबा, तुम्ही चालवाल?"

"काय चालवू?"

"माझी गाडी."

मग ढब्बूने त्याला समजावलं. त्या गेममध्ये तारे इतके, की सगळे लोक मिळून आजवर त्यांतला चिमूटभरही भाग बघू शकलेले नाहीत. जो कुणी एखादा ग्रह पहिल्यांदा बघेल त्याचं नाव त्या ग्रहावर लागतं. नंतर जगातल्या कुणीही तिथे जावं, त्याला अक्षरं दिसणार, 'पहिल्यांदा पाहिलं: अमुक'. कायमची. पण एक मेख आहे. नुसतं बघून भागत नाही, बघितलेल्याची नोंद परत ठाण्यावर, म्हणजे जहाजांच्या तळावर, आणून जमा करावी लागते. तोवर सगळी नोंद जहाजाच्या पोटात. जहाज फुटलं की सगळं गेलं, त्याची दुसरी प्रत नाही.

"आणि तू जमा केलंस?"

"एकही नाही. तीन वर्षांपूर्वी निघालो तो सरळ आकाशगंगेच्या टोकाला गेलो. तिकडे ठाणंच नाही. टोक गाठलं, आता परत येतोय. सतराशे चाळीस उड्या राहिल्यात. नऊ हजारांवर ग्रह आहेत पोटात."

"नऊ हजार?"

"सगळ्यांवर 'ढब्बू' लागणार."

ड्रायव्हरला हसू फुटलं. "जगभरातले लोक वाचणार, ढब्बू?"

"वाचू देत की." ढब्बूही हसला, आणि मग हसायचा थांबला. "बाबा, मी दहावीनंतर शाळेत गेलो नाही. नोकरी नाही, लग्न होणार नाही. दवाखान्याच्या कागदांवर सोडून माझं नाव कुठे आहे सांगा. आयुष्यात एवढं एकच केलंय मी. ते तेवढं पोचवा."

बाकी काही कळलं नसलं, तरी शेवटचा शब्द ड्रायव्हरला पक्का कळला. पोचवणं हाच तर त्याचा धंदा. त्याने खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि विचारलं, "माल कुठे आहे, न्यायचा कुठे, आणि रस्ता कसा आहे?"

पहिल्या आठ दिवसांचं काही विचारू नका. टेबलाखाली ड्रायव्हरचा डावा पाय क्लच शोधत फिरायचा. "पाय कशाला हलवताय?" "सवय आहे रे." जहाज गर्रकन फिरलं की हा खुर्चीतून अर्धा उठायचा, "उलटली, उलटली!" आणि ढब्बू म्हणायचा, "आकाशात उलटं-सुलटं नसतं हो बाबा, बसा." एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची. उडी मारली की समोर भगभगीत तारा. त्याच्या कडेकडेने, फार जवळ नाही, फार लांब नाही, असं जहाज फिरवलं की टाकी भरायची. जवळ गेलात तर गाडी तापणार, लांब राहिलात तर टाकी रिकामी.

"पंपावर गाडी उभी करत नाहीत का तुमच्यात?"

"पंपच पेटलेला आहे बाबा."

पण हात ड्रायव्हरचे होते. तीन आठवड्यांत बसले. रोज सकाळी बायको गेली की तो ओल्या फडक्याने पडदा पुसायचा, पूर्वी ट्रकची काच पुसायचा तसा. मग टाकी बघायची, तापमान बघायचं, जहाजाला कुठे खरचटलंय का बघायचं, मगच निघायचं. दिवसाला वीस उड्या, फार तर बावीस. ढब्बू शेजारी, मान उशीला टेकवून. हा तारा पिवळा, इथे इंधन घ्या. हा तपकिरी, मिणमिणता, याच्यावर काही मिळणार नाही, पुढे चला. दुपारी पोराला भरवायचं, कूस बदलून द्यायची, पाठ चोळून द्यायची, पुन्हा निघायचं. ज्या माणसाला पोराला न दुखवता उचलता येत नव्हतं, तो हळूहळू उचलायला शिकला. एक दिवस पडदे शिवून घरी आलेली बायको दारातच थांबली, कारण आतून दोघांचं भांडण ऐकू येत होतं, कुठल्या ताऱ्याकडे वळायचं यावरून. ती चपला न काढता बराच वेळ बाहेर उभी होती. इतक्या वर्षांत त्या दोघांना भांडताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.

निम्मा रस्ता झाला असेल तेव्हाची गोष्ट. एका उडीनंतर ढब्बू म्हणाला, "थांबा. हा माझ्याही नोंदीत नाहीये. जाताना मी दुसऱ्या बाजूने गेलो होतो. उतरा."

ड्रायव्हरने जहाज खाली उतरवलं. राखाडी जमीन, लांबवर डोंगर, आणि चिटपाखरू नाही. मग डोंगरामागून सूर्य उगवला, पिवळा. आणि तो वर यायच्या आतच दुसरा, निळसर, छोटा. जहाजाच्या दोन सावल्या पडल्या, एक इकडे आणि एक तिकडे, आणि दोन्ही हळूहळू सरकायला लागल्या.

कपातला चहा गार झाला. ड्रायव्हरने छत्तीस वर्षांत इतके सूर्योदय रस्त्यावर बघितले होते की त्याची गणती नाही. पण त्या प्रत्येक रस्त्यावर आधी कुणीतरी जाऊन आलेलं असायचं, कुणाच्या तरी टायरचे वण असायचे, कुणीतरी टाकलेली बाटली असायची. इथे कुणीच नव्हतं. इथे पहिलं आलेलं माणूस म्हणजे तो आणि त्याचं पोर.

"इतकी वर्षं तू हे बघत होतास?"

"हेच."

"मला वाटायचं ठिपके."

"लांबून ठिपकेच असतात ते."

ड्रायव्हरच्या डोळ्यांना धार लागली. त्याने ती लपवलीही नाही. "माझं चुकलं रे. मी घरी असायला हवं होतं. बाहेरच्या जगाचं सगळं बघत फिरलो आणि तुझ्याकडे बघायचंच राहून गेलं."

ढब्बूने नजरेने पडद्याचा कोपरा दाखवला. मग म्हणाला, "ते हिरवं बटण दाबा. नोंद करायची राहिलीय." आणि मग, जरा वेळाने, "आणि लगेच निघू नका. अजून थोडं बसू."

ते तासभर तसेच बसून राहिले. मला विचाराल तर त्या घरातला सगळ्यात चांगला तास तोच.

दीड हजार उड्या झाल्यावर ढब्बूने एक नियम सांगितला. शेवटच्या वीस उड्या सगळ्यात वाईट. ठाण्याजवळ लुटारू टपून बसलेले असतात, म्हणजे खेळणारीच माणसं. लांबून परत येणाऱ्याच्या जहाजात वर्षानुवर्षांची नोंद असते आणि लढायला काही नसतं, हे त्यांना माहीत. फोडण्यात त्यांना काही मिळत नाही, नुसती मजा. "त्या पट्ट्यात कुणीही हाक मारली तरी थांबायचं नाही. उत्तरही द्यायचं नाही. इंधन संपलंय, वाचवा, काहीही म्हणू दे."

"आणि खरंच संपलेलं असलं तर?"

"तरी नाही."

"असले कसले रे रिवाज तुमच्या आकाशाचे! रस्त्यावर अडकलेल्याला..."

"बाबा, तिकडे रस्ता नाही. मला शब्द द्या."

"दिला."

"कुणाहीसाठी नाही."

"अरे दिला म्हटलं ना! एकदा सांगून कळतं मला."

बावीस उड्या उरल्या होत्या तेव्हा ढब्बूला श्वास पुरेनासा झाला. सकाळी ओठ निळे दिसले, अकरा वाजता ॲम्ब्युलन्स आली. वॉर्डात त्याच्या तोंडावर मास्क बसवला, आणि कॉटमागच्या भिंतीतल्या नळीतून हवा येऊ लागली. बायकोने दुकानातून रजा घेतली आणि ती तिथेच बसून राहिली. भेटीची वेळ चार ते सहा. एरवी एकालाच आत थांबू द्यायचे, त्यामुळे ड्रायव्हर रोज चारला जायचा.

तिसऱ्या दिवशी ढब्बूने आईला मास्क जरा उचलायची खूण केली. "बाबा, उद्या सकाळी बसा आणि पोचवून या."

"घाई काय आहे? तू घरी ये, मग दोघं मिळून..."

"मी घरी येत नाहीये." त्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. "तुम्हाला माहितीये ते. मला फक्त ऐकायचंय, की पोचलं."

आईने मास्क परत बसवला. ड्रायव्हरने मान हलवली. दुसरं काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तो एकटाच पडद्यासमोर बसला. फडक्याने पडदा पुसला, टाकी बघितली, तापमान बघितलं. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावरची उशी त्याने उगाचच सारखी केली. मग निघाला. बावीस, एकवीस, वीस. इथून पुढे तो खुर्चीच्या अगदी टोकाला आला. पंधरा. बारा. हाताला घाम सुटला की शर्टाला पुसायचा. कुणी दिसलं नाही. दहा. नऊ.

नवव्या ताऱ्यापाशी पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली. जवळच कुठेतरी एक जहाज होतं, दिवे विझलेलं. 'इंधन संपलंय. हवा पण संपत आली. कुणी आहे का?'

ड्रायव्हरने मन घट्ट करून पुढची उडी मारली. दिलेला शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने आधी लिहून ठेवा.

आठव्या ताऱ्यापाशी तो पोचला, टाकी भरायला लागला, आणि त्याचा हात चालेना. इंधन संपलंय, हे त्याने एक वेळ सोडून दिलं असतं. पण हवा संपत आली, ते कसं सोडायचं? तीन दिवस तो एकच गोष्ट बघत होता, हवा कशी पुरत नाही ते. मास्कच्या आत वाफ धरते, जाते, धरते, जाते. आपलं पोर तिकडे भिंतीतल्या हवेवर पडलंय आणि आपण इथे एकाला हवेवाचून सोडून पुढे आलो. गेम आहे, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तीन महिने दिवसाचे आठ-आठ तास ज्या जगात काढले, ते जग एका क्षणात खोटं कसं मानायचं? दोन सूर्य खरे, पोराचं नाव खरं, आणि अडकलेला तेवढा खोटा? त्याने स्वतःला शिव्या घातल्या. मग तोंड फिरवलं आणि उलटी उडी मारली.

ते जहाज होतं तिथेच होतं. इंधन द्यायचं तर नळी जोडावी लागते आणि नळी जोडायची तर आपली ढाल उतरवावी लागते, हे ढब्बूनेच त्याला कधीतरी गंमत म्हणून शिकवलं होतं. ड्रायव्हरने ढाल उतरवली. नळी सोडली. आणि आयुष्यभर उतरून जे म्हणत आला तेच, एकेक अक्षर शोधून टाईप केलं, 'घाबरू नका. आलोय मी.'

विझलेल्या जहाजाचे सगळे दिवे एकदम लागले.

हातातोंडाशी आलेला घास जायला किती वेळ लागतो? दहा सेकंदही लागले नाहीत. पडदा पांढरा झाला, मग काळा. त्यावर ओळी आल्या. 'आपलं जहाज नष्ट झालं. जमा न केलेली नोंद: ९,१४१ ग्रह. गमावली.' आणि खाली, 'नवीन जहाज ठाण्यावर तयार आहे.' ड्रायव्हरने बटण दाबलं, का दाबलं ते त्यालाही सांगता येणार नाही. आणि तो ठाण्यावर पोचला. कोरं करकरीत जहाज, चकचकीत फलाट, वर फिरणारं भलंमोठं चाक, सगळीकडे दिवे. जिथे यायला तीन वर्षं आणि तीन महिने लागले तिथे तो रिकाम्या हातांनी उभा होता.

त्याने त्या माणसाला लिहिलं, 'माझ्या मुलाची गाडी होती. तो आजारी आहे.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'सॉरी हां. गेम आहे यार.'

हॉस्पिटलकडे जाणाऱ्या बसमध्ये ड्रायव्हर खोटं बोलायची तालीम करत होता. खरं सांगायचं धैर्य त्याला नव्हतं. त्यात काय लपवायचं, तुम्हाला-मला तरी झालं असतं का? पोराच्या हातात किती दिवस आहेत ते डॉक्टरांनी बोटांवर मोजून सांगितलं होतं. तेवढे दिवस त्याने कशाच्या आधारावर काढायचे? छत्तीस वर्षांत एकदाही मालाबद्दल खोटं बोललो नाही, आता बोलू, असं त्याने ठरवलं.

चारला तो आत गेला. ढब्बू उशीला टेकून होता, डोळे उघडे. आई बाजूला, हातात पोराचा फोन. तिने उठून मास्क जरा वर केला.

"पोचलात?"

"पोचलो."

"ठाणं कसं दिसतं? मी विसरलो."

हे बरं होतं, यात खोटं बोलायची गरज नव्हती. ड्रायव्हरने सगळं सांगितलं. फिरणारं चाक, दिवे, फलाट कसा चकचकीत, आत शिरताना कशी छाती धडधडली. ढब्बू डोळे मिटून ऐकत होता.

"जमा व्हायला वेळ लागला?"

"लागला की! नऊ हजारांवर ग्रह, चेष्टा आहे का? चांगली वीस मिनिटं."

"आणि नावं?"

"सगळ्यांवर. नुसतं ढब्बू, ढब्बू, ढब्बू. यादी संपेचना."

ढब्बूने डोळे उघडले आणि बापाकडे बघितलं. शांतपणे, बराच वेळ. मग तो हसला. "मस्त चालवलीत बाबा. दमला असाल. बसा."

ड्रायव्हर बसला. पोराचा हात हातात घेऊन तासभर बसला. जमलं, असं त्याला वाटलं. पाच वाजता सिस्टर ढब्बूला बघायला आली तशी बायको त्याला बाहेर घेऊन गेली. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्यावर तिने पोराचा फोन त्याच्यासमोर धरला. गेमवाल्यांचा मेसेज होता, दुपारी एक चौदाचा. 'आपलं जहाज नष्ट झालं.' पुढचा आकडाही होता.

"मीच वाचून दाखवला त्याला," ती म्हणाली. "मला कुठे काय कळतंय त्यातलं. फोन वाजला म्हणून वाचला."

ड्रायव्हरने तो आकडा पुन्हा वाचला.

"रडला. मास्कच्या आत रडायचं म्हणजे किती त्रास, तुम्हाला सांगून कळणार नाही. मग म्हणाला, थांबले असतील ते कुणासाठी तरी. बाबा आले की आपल्याला काही माहीत नाही असं दाखव. त्यांना काही बोलू नकोस म्हणाला." तिने फोन पदरात गुंडाळला. "मी बोलणार होते हो तुम्हाला. खूप बोलणार होते. त्याने वचन घेतलं."

ड्रायव्हर उठला. त्याला आता एकच करायचं होतं, आत जाऊन खरं सांगायचं. की हो, थांबलो मी, तुझा शब्द मोडला, तुझं सगळं घालवलं आणि वर तोंड करून खोटं बोललो, आणि तू ते ऐकून घेतलंस. तो जवळजवळ धावतच वॉर्डात आला. कॉटभोवती पडदा ओढलेला होता. आत डॉक्टर, दोन सिस्टर आणि कसला तरी सारखा वाजणारा आवाज. "बाहेर थांबा," कुणीतरी म्हणालं. अर्ध्या तासाने पडदा उघडला तेव्हा ढब्बूच्या घशात नळी होती, त्याला गुंगीचं औषध दिलेलं होतं, आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली होत होती.

त्यानंतर चार दिवस ड्रायव्हर रोज चार वाजता जायचा, कॉटशेजारी बसायचा आणि पोराच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पहिल्यापासून सांगायचा. नवव्या ताऱ्यापाशी काय झालं, आठव्यावरून का वळलो, ढाल कशी उतरवली, काय लिहिलं. काही गाळायचा नाही. सहा वाजले की सिस्टर त्याला उठवायची. ऐकू जातं का हो त्याला, असं तो रोज विचारायचा, आणि ती रोज म्हणायची, सांगता येत नाही.

पाचव्या दिवशी तो लवकर तयार होऊन बसला होता. त्या दिवशी त्याला एवढंच विचारायचं होतं, की खोटं बोलत होतो तेव्हा माझा राग आला होता का रे. तीन वाजता बायकोचा फोन आला, आणि आता चारला यायची गरज नाही, असं ती म्हणाली.